आपले केस, आपला विचार



आज आम्ही तुमच्याशी केसांविषयी बोलणार आहोत. हसू नका. "मास्तरांना दुसरा विषय मिळाला नाही का?" असं कोणीतरी मनात म्हणत असेल. शेतीचा विषय आहे, पाण्याचा आहे, ऊसतोडीचा आहे. मग केसच कशाला?

त्याचे कारण ऐका. माणूस चाळिशी ओलांडतो. एक दिवस आरशात पाहतो, तर कानाजवळ पांढरी रेघ दिसते. बाई वेणी घालायला बसते, तर फणीत केसांचा पुंजका येतो. पूर्वी वेणी मुठीत मावत नव्हती, आता ती करंगळीएवढी झाली. मग मनात विचार येतो. कलप लावावा का? केस कापून लहान करावेत का? अंबाडा सोडून दुसरे काही करावे का? हा विचार येतो न येतो तोच दुसरा विचार येतो. लोक काय म्हणतील? सून काय म्हणेल? भावकी काय म्हणेल? पारावर बसलेले कोण हसतील?

या दोन विचारांच्या मध्ये माणूस अडकतो. कोणी घाईने कसला तरी रंग डोक्याला फासतो आणि तोंड सुजवून घेतो. कोणी मनातली इच्छा मनातच मारतो. दोन्ही बरे नव्हे. म्हणून हा विषय आज नीट समजून घेऊ.

केस म्हणजे काय?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ कातडीच्या आत असते. ज्वारीचे ताट जसे मुळावर वाढते, तसा केस मुळावर वाढतो. पण एक फरक आहे. ताट जिवंत असते. कातडीच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. नख जसे, तसाच केस. म्हणून केस कापला तर दुखत नाही आणि रक्तही येत नाही. केस ओढला की दुखते, कारण मूळ जिवंत आहे.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वर्षाला वीतभरही नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरू नये.

पण वय वाढले की नवे केस बारीक येतात, थोडे कमी येतात. बायांची पाळी बंद होण्याच्या वयात केस विरळ होतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात, मोठ्या तापानंतरही गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. मात्र डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली, किंवा केस एकदम झुपक्यांनी जाऊ लागले, तर डॉक्टरला दाखवावे. अंगात रक्त कमी असेल, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम बिघडले असेल, तरी केस गळतात. तिथे तेल चोळून भागत नाही.

केस का पिकतात?

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या केसात काळा रंग भरतात. वय झाले की या पेशी थकतात. रंग भरणे कमी होते, पुढे थांबते. मग मुळातून केस येतो तोच पांढरा. काळा केस रातोरात पांढरा होत नाही. काळा गळतो आणि त्याच्या जागी पांढरा उगवतो.

कोणाचे केस तिशीत पिकतात, कोणाचे साठीपर्यंत काळे राहतात. हे बरेचसे आईबापांकडून येते. बापाचे केस लवकर पिकले असतील, तर लेकाचेही पिकण्याचा संभव जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे केस लवकर पिकतात असेही दिसून आले आहे. ब-१२ नावाचे जीवनसत्त्व अंगात कमी पडले, तरी केस अकाली पिकतात. विशी-पंचविशीतच डोके पांढरे होऊ लागले, तर एकदा रक्त तपासून घ्यावे.

आता दोन खोट्या समजुती. एक पांढरा केस उपटला की सात येतात, असे म्हणतात. ते खरे नाही. एका मुळातून एकच केस यायचा. पण उपटून उपटून मूळ दुखावते, म्हणून उपटू नये. दुसरी समजूत अशी की वस्तरा फिरवला की केस दाट येतात. तेही खरे नाही. वस्तरा वरचा केस कापतो. मुळाला त्याची वार्ताही नसते.

"आमचे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत," असे म्हातारी माणसे म्हणतात. म्हणजे अनुभवाने झाले. बोलायला ते ठीक आहे. पण पांढरे केस म्हणजे शहाणपणाचा दाखला नव्हे आणि लाज वाटावी असा डागही नव्हे. शेतातले पीक पिकते, तसे केस पिकतात. इतकेच.

कलप: जुना आणि नवा

केस रंगवणे ही आजची चूष नाही. माणूस हजारो वर्षे केस रंगवत आला आहे. त्यासाठी मेंदी होती. मेंदीच्या पानात तांबडा रंग असतो. तो केसाला, नखाला आणि कातडीला धरतो. राजस्थानात पाली जिल्ह्यात सोजत नावाचे गाव आहे. तिथली मेंदी देशभर जाते. आपल्याकडे बाया मेंदी भिजवताना लोखंडी कढई घेतात, चहाचे पाणी घालतात. त्याने रंग गडद होतो. मेंदीवर निळीच्या पानाची भुकटी लावली की काळसर रंग येतो. नीळ म्हणजे तीच, जिच्या शेतकऱ्यांसाठी गांधीजी १९१७ साली चंपारणला गेले होते.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसत्या मेंदीने केस तांबडे होतात. मेंदीने केस काळेभोर कधीच होत नाहीत. पुडीवर "काळी मेंदी" असे लिहिले असेल, तर तिच्यात मेंदीशिवाय दुसरे काही आहे असे समजा.

हे दुसरे म्हणजे रसायन. १९०७ साली फ्रान्स देशात पॅरिस शहरात शुलर नावाच्या एका रसायनतज्ज्ञाने केसांचा कलप बनवून विकायला सुरुवात केली. आज गावच्या किराणा दुकानात छोट्या पुडीत मिळतो, तो काळा कलप त्याच जातीचा. त्यात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. पुरे नाव पॅरा-फेनिलीन-डायअमाईन. नाव लांब आहे, पाठ करायची गरज नाही. पीपीडी ही तीन अक्षरे तेवढी लक्षात ठेवा. हे रसायन केसाच्या आत शिरते आणि तिथे काळे होते. म्हणून तो रंग धुऊन जात नाही.

पुष्कळ लोक असा कलप लावतात आणि त्यांना काही होत नाही. पण काहींच्या अंगाला तो सोसत नाही. मग डोके खाजते, कान ओले होतात, पापण्या सुजतात, तोंड फुगते. कधी श्वासही लागतो. आणि गंमत अशी की दहा वर्षे लावून काही झाले नाही, आणि अकराव्या वर्षी झाले, असेही घडते. जत्रेत काळ्या मेंदीची चित्रे हातावर काढून मिळतात. त्यातही हे रसायन असू शकते. लेकराच्या हातावर ती काढू देऊ नये. एकदा अंग बिघडले की पुढे जन्मभर तो कलप चालत नाही.

कलप लावायचा असेल तर

लावावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण लावायचा असेल, तर असे करा.

पहिले काम, पुडीवरचे वाचा. तुम्ही वाचायला शिकलात ते अशा वेळी कामी येते. अक्षर बारीक असते. पुष्कळदा इंग्रजीत असते. तेव्हा शाळेत जाणाऱ्या लेकराला बोलवा. "वाच बाळा, यात काय काय आहे? किती वेळ ठेवायचा? मुदत कधी संपते?" असे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न वाचता लावण्यात धोका आहे.

दुसरे काम, आधी थोडा लावून पाहा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा. दोन दिवस, म्हणजे ४८ तास थांबा. खाज आली, लाल झाले, पुरळ उठले, तर तो कलप आपल्यासाठी नाही. पैसे गेले तर जाऊ द्या. लग्न उद्यावर आले असताना आज पहिल्यांदा कलप लावू नये. दोन दिवसांची परीक्षा व्हायलाच पाहिजे, आणि ती प्रत्येक वेळी करावी.

तिसरे काम, हातात मोजे घाला. डोक्याला जखम, फोड किंवा खरूज असेल तर लावू नका. भुवयांना आणि पापण्यांना तर मुळीच लावू नका. डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय होतो. सांगितला असेल तेवढाच वेळ ठेवा. जास्त वेळ ठेवला म्हणजे जास्त काळे होते, असे नाही. मग भरपूर पाण्याने डोके धुवा. पोटुशी बाईने आधी डॉक्टरला विचारावे.

चौथे काम सगळ्यांत महत्त्वाचे. उरलेला कलप उंचावर, कुलपात ठेवा. लेकराच्या हाताला लागू देऊ नका. हा कलप पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. गळा आणि तोंड सुजते, श्वास कोंडतो, लघवी काळसर होते, मूत्रपिंडे बंद पडतात. असे कोणाच्या घरी झाले तर मिठाचे पाणी, ताक, अंगारा यांत एक क्षणही घालवू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. आपल्या जिल्ह्यात बीडला जिल्हा रुग्णालय आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. कलपाची पुडीही बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना लगेच कळेल. पोटात गेलेला कलप चुकून गेला की मुद्दाम घेतला, याचा हिशेब मागाहून. आधी जीव वाचवायचा.

आता खर्चाचा हिशेब. केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो, हे आपण पाहिले. म्हणजे कलप लावल्यावर तीन-चार आठवड्यांत मुळाशी पांढरी रेघ दिसणारच. ती झाकायची तर दर महिन्याला कलप आला. वर्षाचे बारा वेळा. एका पुडीचे पैसे गुणिले बारा, हे गणित आधी मांडा. परवडत असेल तर खुशाल लावा. उसने घेऊन लावू नका.

केस कापावेत की नाही?

पुरुषांचा प्रश्न सोपा आहे. आमच्या आजोबांच्या काळी पुरुष डोक्याचा घेरा ठेवीत, मागे शेंडी सोडीत, वर पटका बांधीत. गावचा न्हावी धोकटी घेऊन ओट्यावर यायचा. त्याला वर्षाचे बलुते मिळायचे. मग शाळा आल्या, इंग्रजी पद्धतीचे कापलेले केस आले. शेंडी गेली. त्या वेळीही गावात बोलबाला झालाच. "पोरं बाटली," असे म्हातारे म्हणाले. आज त्याच म्हाताऱ्यांची नातवंडे कानावर रेघा कापून घेतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. पुरुषाने मिशी काढली तर आठ दिवस चेष्टा होते. नवव्या दिवशी लोक विसरतात.

दुकानात गेल्यावर एकच आग्रह धरा. वस्तऱ्यात नवे पाते घालायला सांगा. दुसऱ्याला लागलेले पाते आपल्याला लागले, तर रक्तातून कावीळ आणि एड्ससारखे रोग येऊ शकतात. "दादा, नवं पान लाव," एवढे म्हणायला संकोच नको.

बायांचा प्रश्न अवघड आहे, आणि तो केसांचा नाही, माणसांचा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या लाखो बाया-माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पहाटे फडात जायचे, पाचट काढायचे, मोळी डोक्यावर घेऊन चालायचे. घाम, धूळ, ऊन. पाणी मोजके. कोपीत न्हायला आडोसा नाही. अशा बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी वाटले की हा केसांचा भार कमी करावा, खांद्यापर्यंत कापावा, तर तिचे काय चुकले? ती म्हणते, "कापले तर धुवायला सोपं, वाळायला सोपं, उवा होत नाहीत." पण तिने तसे केले तर पहिला शब्द येतो, "आता या वयात नटायचं सुचतंय!" दुसरा शब्द त्याहून वाईट येतो. तो आम्ही इथे बोलत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

बाप मेला तर मुलगा डोके उतरवतो. तीन महिन्यांत केस परत येतात. तिरुपतीला नवस फेडायला माणसे केस देतात. संन्यास घेणाऱ्यालाही क्षौर करावे लागते. स्वामी रामानंद तीर्थांनी संन्यास घेतला. पुढे ते आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि मग निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी झाले. संन्यासी आपल्या मर्जीने डोके उतरवतो, म्हणून लोक त्याला मान देतात. त्याला कोणी हात धरून बसवलेले नसते. पण बाईच्या केसांचे आपल्या समाजात वेगळेच झाले. ती गोष्ट आता सांगतो.

सक्तीचा वस्तरा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्राह्मणांत, आणि काही इतर घरांतही, नवरा मेला की बाईचे डोके भादरत. त्याला केशवपन म्हणत. बाई विशीची असो की बारा वर्षांची पोर असो. आणि एकदाच नव्हे. केस वाढले की पुन्हा न्हावी, पुन्हा वस्तरा, मरेपर्यंत. अंगावर तांबडे लुगडे, डोक्यावरून पदर. ती कोणाच्या शुभकार्यात पुढे यायची नाही. पुरुष विधुर झाला तर त्याचे केस कोणी भादरत नव्हते. त्याला वर्षाच्या आत नवी बायको आणत.

याविरुद्ध पुण्यात जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले उभे राहिले. गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या 'सुधारक' पत्रातून लिहिले. पण आम्हाला विशेष वाटते ते न्हाव्यांचे. १८९० साली मुंबईत जोतीरावांचे सहकारी आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी जमली. त्यांनी ठरवले, की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. वस्तऱ्यावर पोट असलेल्या माणसांनी हे ठरवले. पदरचा रोजगार सोडला, पण त्या कामाला हात लावायचा नाही म्हणाले. ते काही मोठे शिकलेले नव्हते. पण आपल्या हातून काय होते आहे, हे त्यांना कळले होते. संत सेना महाराजांचे नाव घेणाऱ्या या समाजाने महाराष्ट्राला मोठा धडा दिला.

पार्वतीबाईंचा निर्णय

आता एका बाईची हकीकत ऐका. तिचे नाव पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० सालचा, कोकणातल्या देवरुखचा. विशीच्या सुमारास त्या विधवा झाल्या. पदरात लहान मुलगा. रिवाजाप्रमाणे त्यांचे केशवपन झाले. त्यांची बहीण गोदूबाई हीसुद्धा विधवा होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली त्या गोदूबाईंशी लग्न केले. त्या वेळी केवढा गहजब झाला! कर्व्यांना त्यांच्या गावाने वाळीत टाकले. पुढे त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले.

पार्वतीबाई वयाची पंचविशी उलटल्यावर लिहायला-वाचायला शिकू लागल्या. हे तुम्ही विशेष लक्षात घ्या. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात त्या काम करू लागल्या. तिथे विधवांना आणि मुलींना शिक्षण मिळे. पार्वतीबाई गावोगाव फिरत आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत. भादरलेले डोके, विधवेचा वेष. जुन्या वळणाच्या घरांत त्या वेषाला मान होता.

वयाची चाळिशी आली. मग त्यांनी ठरवले की आता वस्तरा नको. केस वाढू द्यायचे. वीस-बावीस वर्षे चाललेला रिवाज त्यांनी सोडला. कोणी त्यांना सांगितले नव्हते. लग्न करायचे होते असेही नाही, त्या शेवटपर्यंत पुन्हा लग्नाला उभ्या राहिल्या नाहीत. या रिवाजात धर्म नाही असे त्यांच्या मनाने घेतले, म्हणून त्यांनी तो सोडला.

यात धोका काय होता, तो पाहा. वर्गणी देणारे पुष्कळ लोक जुन्या विचारांचे. ते रागावले तर आश्रमाची वर्गणी जायची. ज्या घरात ओसरीवर बसवून पाणी देत, त्या घरात दार लागायचे. तरी त्यांनी ठरवले ते ठरवले. काम थांबले नाही. पुढे १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम केले, इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० साली परत आल्या. आपली सगळी हकीकत त्यांनी 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमच्यात केशवपन नव्हतंच. आमच्यात पाट लागायचा." बरोबर आहे. पण आपण छातीवर हात ठेवून सांगू. नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या कोणी फोडल्या? कुंकू कोणी पुसले? हळदीकुंकवाला तिला कोणी बाजूला बसवले? विधवा बाईने केसात गजरा माळला तर कोणाची जीभ आधी हलली? वस्तरा नव्हता. पण वस्तऱ्यासारखी जीभ होतीच.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे आमच्या गावात बंद. मग त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाडला जमले ते आपल्या गावाला का जमू नये?

जटेची भीती

एक आणखी प्रकार. बाईच्या केसात कधी गुंता होतो. फणी फिरत नाही. तेल, घाम, धूळ बसून गुंता घट्ट होतो, त्याची दोरी होते. मग कोणी म्हणते, "जट आली, देवीचं बोलावणं आलं. कापू नको, घरावर कोप होईल." मग ती बाई वर्षानुवर्षे दोन-तीन शेराचे ओझे डोक्यावर वागवते. मान दुखते. उवा होतात, वास येतो, नीट झोप लागत नाही. लोक पाया पडतात आणि लांब बसतात.

जट म्हणजे न विंचरलेला गुंता. त्यात देवीही नाही आणि कोपही नाही. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. त्या समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव आणि इतर कार्यकर्त्या गावोगाव जाऊन अशा बायांना समजावतात आणि त्यांच्या जटा काढतात. शंभराहून कितीतरी अधिक बाया अशा मोकळ्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळ पन्नाशी-साठीच्या होत्या. जबरदस्तीने कोणाची जट कापायची नसते. आधी बोलायचे, भीती घालवायची, तिने "हो" म्हटले की मगच कात्री.

हे का सांगितले? जट ठेवायला भाग पाडणे जितके चूक, तितकेच तिला विचारल्याशिवाय कापणेही चूक. डोके तिचे आहे.

ठरवायचे कोणी आणि कसे?

आता सगळे एकत्र करू. मध्यम वयात केस बदलावेत असे वाटले, तर आपल्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: हे मला हवे आहे, की कोणाच्या बोलण्याने करतो आहे? पोरीच्या लग्नात फोटो चांगला यावा म्हणून कोणी कलप लावतो. त्यात वाईट काही नाही. शहरात कामाला गेलेल्या माणसाला वाटते, पांढरे डोके पाहून मुकादम काम देणार नाही. तेही समजण्यासारखे आहे. पण नवऱ्याने टोमणा मारला म्हणून बाईने डोळे मिटून कसलाही रंग लावू नये. आणि बायकोने टोमणा मारला म्हणून नवऱ्यानेही लावू नये.

दुसरा प्रश्न: यात अंगाला अपाय आहे का, घराला भार आहे का? त्याचे उत्तर आपण आधी पाहिले. पुडी वाचा, ४८ तास थांबा, वर्षाचा खर्च मांडा.

तिसरा प्रश्न: मन बदलले तर परत फिरता येईल का? केसांच्या बाबतीत बहुतेक वेळा येते. कलप सोडायचा तर केस लहान कापा आणि पांढरे वाढू द्या. सहा महिने डोके दोनरंगी दिसेल, नंतर एक होईल. पुरुषाचे केस दोन-तीन महिन्यांत वाढतात. पण कंबरेपर्यंतची वेणी कापली, तर ती परत यायला पाच-सहा वर्षे लागतील. म्हणून लांब केसांना एकदम कात्री लावू नका. आधी चार बोटे कापा. महिनाभर पाहा. बरे वाटले तर आणखी कापा.

ही तीन उत्तरे मिळाली की मग ठरवा. ठरवल्यावर घरच्यांना सांगा. परवानगी मागण्यासाठी नव्हे, घरातल्या माणसाला आधी सांगावे म्हणून. सासूने सुनेचे ऐकावे, सुनेने सासूचे ऐकावे. सासू म्हणाली, "मला केस कापायचे आहेत," तर सुनेने हसू नये. "चला आत्या, मी येते बरोबर," म्हणावे.

आणि ज्यांना काहीच बदलायचे नाही, त्यांनी खुशाल बदलू नये. पांढरा अंबाडा, पांढरी मिशी ही सुद्धा शोभतेच. आम्ही स्वतः कलप लावत नाही. आमचे डोके कापसाच्या बोंडासारखे झाले आहे आणि ते तसेच आम्हाला आवडते. पण आम्हाला आवडते म्हणून ते तुम्हाला आवडावे, हा नियम कुठला?

गावाने मात्र एक काम करावे. दुसऱ्याच्या डोक्यावर काय आहे, याची चर्चा पारावर कमी करावी. चेष्टा एक वेळ चालते. पण कोणाला त्यापायी वाळीत टाकणे, रोटीबेटी तोडणे, जातपंचायतीपुढे उभे करणे, हे आपल्या राज्यात गुन्हा आहे. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे वाचून ठेवा आणि दुसऱ्यालाही वाचून दाखवा.

मायमाउल्यांनो आणि बंधूंनो, मुंबईच्या न्हाव्यांनी आपला वस्तरा आवरला. पार्वतीबाईंनी चाळिशीत आपले केस वाढवले. तुमच्या घरी उद्या कोणी आरशापुढे उभे राहून विचारेल, "कापू का? लावू का?" तेव्हा तिला किंवा त्याला तुम्ही उत्तर देऊ नका. पुडी हातात द्या, वाचायला सांगा आणि म्हणा, "तुझं तू ठरव. मी आहे."